बघणाऱ्याचे दुखणे

दुर्घटनेचा पंचनामा होतो तेव्हा त्यात मृतांचा आकडा येतो, जखमींचा येतो, नुकसानीचा अंदाज येतो. ज्यांनी ती घटना उभ्या जागी पाहिली त्यांची नावे आलीच तर साक्षीदार म्हणून येतात, तीही तपासाच्या सोयीसाठी. अंगावर ओरखडा नाही, घरचे कोणी गेलेले नाही, अशा माणसाला काही झाले असेल असे कुणाच्या मनात येत नाही. बरेचदा त्याच्या स्वतःच्याही येत नाही. तो घरी जातो, हातपाय धुतो, पानावर बसतो आणि मग लक्षात येते की घास गिळवत नाही.

वैद्यकशास्त्राने या माणसाची दखल तशी उशिराच घेतली. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या निमित्ताने आघातोत्तर ताणविकार, म्हणजेच पीटीएसडी, हे निदान १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत आले. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत आघात पोहोचण्याच्या चार वाटा स्पष्ट लिहिल्या गेल्या. एक, स्वतःवर ओढवलेला प्रसंग. दुसरी, दुसऱ्यावर ओढवलेला आणि डोळ्यांदेखत पाहिलेला. तिसरी, अगदी जवळच्या माणसाच्या हिंसक किंवा अपघाती मृत्यूची बातमी. चौथी वाट कामाची आहे: मृतदेहांचे अवशेष गोळा करणारे, अत्याचाराचे तपशील पुन्हापुन्हा ऐकणारे पोलीस आणि त्यांच्यासारखे इतर. म्हणजे बघणारा हा बाधितच आहे, ही गोष्ट निदानाच्या व्याख्येतच आहे.

मात्र बाधित म्हणजे आजारी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुदेशीय पाहण्यांत सुमारे ७० टक्के लोकांनी आयुष्यात निदान एक तरी आघाताचा प्रसंग अनुभवल्याचे सांगितले. कुणाचा मृत्यू किंवा गंभीर इजा प्रत्यक्ष पाहणे हा त्यातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रसंगांपैकी एक. आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी होणाऱ्यांचे प्रमाण मात्र ४ टक्क्यांच्या आसपास निघाले. या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात घेतल्याशिवाय या विषयातले काहीच नीट कळत नाही. बहुतेक माणसे सावरतात आणि उपचाराविना सावरतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी आघातानंतरच्या वाटचालींचा जो अभ्यास केला, त्यात तग धरून राहणे हीच सर्वांत जास्त दिसणारी वाट निघाली. तेव्हा बघणाऱ्याला आधार देण्याचे काम बरेचसे त्याच्या सावरण्यात आडवे न येण्याचे आहे आणि जो थोडा भाग सावरत नाही त्याला वेळेवर ओळखण्याचे आहे. घरात, कचेरीत आणि गावात नेमकी याच दोन बाबतींत गल्लत होते.

पहिले काही तास

धोका दिसताच शरीर पळायच्या किंवा झुंजायच्या तयारीला लागते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात. नजर एका बिंदूवर खिळते आणि आजूबाजूचे आवाज ऐकू येईनासे होतात. बघणाऱ्याची पंचाईत अशी की ही सगळी तयारी वापरायला त्याला काही करताच येत नाही. जो धावला, ज्याने जखमीला उचलले, त्याच्या शरीराला निदान कामाला वाव मिळाला. जो पलीकडच्या फलाटावर उभा होता त्याच्या वाट्याला नुसते पाहणे आले. पुढे 'मी का नाही धावलो' हा प्रश्न त्यालाच अधिक छळतो. दोन रेल्वेमार्ग ओलांडून चार सेकंदांत पोहोचणे शक्य नव्हते हे त्याला कळत असते, पण तेवढ्याने प्रश्न थांबत नाही.

घटनेनंतरच्या वागण्यावरून आतले काही ताडता येत नाही. कुणी रडते, कुणी बडबडत सुटते, कुणी बधिर होऊन शांतपणे डबा उघडून जेवायला बसते. क्वचित कुणाला हसूही फुटते. शेजारचे त्यावरून 'हिला काही वाटलंच नाही' असा निवाडा देऊन मोकळे होतात. बधिरपणा हीही प्रतिक्रियाच आहे आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, ती उतरते. मग झोप उडते. कुकरच्या शिट्टीने दचकायला होते. ते दृश्य नको तेव्हा समोर येते, विशेषतः डोळा लागता लागता. २०२२पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने या सुरुवातीच्या प्रतिक्रियेला विकारांच्या यादीतूनच बाहेर काढले आहे. ती अपेक्षित प्रतिक्रिया आहे, दिवसागणिक ओसरणारी.

मुंबईसारख्या शहरात या ओसरण्याला एक अडचण येते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. खालून हात देऊन माणसे ओढून काढणारे, वर अडकलेले आणि फलाटांवरून नुसते पाहणारे, असे कितीतरी लोक त्या सकाळी तिथे होते. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार, मग गांधी जयंती. तीन दिवसांच्या सुटीनंतर मंगळवारी त्यातल्या नोकरदारांना त्याच स्थानकात उतरणे भाग होते. दुरून वाटते तेवढे हे वाईट नाही. जागा टाळत राहिले तर भीती घट्ट होते, हे पुढे उपचारांच्या संदर्भात येईलच. पण पहिल्या दिवशी एकट्याने जाणे आणि ओळखीचे माणूस बरोबर असणे यांत फार फरक पडतो, आणि हजेरीच्या वेळेशी बांधलेल्या माणसाला तेवढी सवड देण्याची सोय कुठल्याच रजेच्या नियमांत नसते.

काचेमागचा माणूस

बघण्याचे दुखणे ज्याला नोकरीचा भाग म्हणून येते, असा मुंबईतला माणूस म्हणजे लोकलचा मोटरमन. उपनगरी रेल्वेमार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून किंवा आत्महत्येने वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. यांपैकी रुळांवरचे बरेचसे मृत्यू कुणाच्या तरी समोरच्या काचेतून दिसतात. ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने धावणारी बारा डब्यांची लोकल ब्रेक लावल्यावर काहीशे मीटर पुढे जाऊनच थांबते. मोटरमन हॉर्न दाबतो, आपत्कालीन ब्रेक लावतो आणि त्यानंतर त्याच्या हाती काही उरत नाही. रुळावरच्या माणसाने वर पाहिले, नजरानजर झाली, हा तपशील देशोदेशीच्या रेल्वेचालकांच्या सांगण्यात पुन्हापुन्हा येतो. धक्का किंवा आवाज यापेक्षा तीच नजर जास्त काळ टिकते.

रेल्वेच्या बोलीत या घटनेला 'एमआरओ' (मॅन रन ओव्हर) म्हणतात. गाडी थांबते, मागच्या टोकाच्या गार्डला कळवले जाते, रुळालगतच्या खांबाचा क्रमांक टिपला जातो. स्टेशन मास्तरचा मेमो निघतो, लोहमार्ग पोलीस येतात, हमाल स्ट्रेचर घेऊन येतात. मागे गाड्या खोळंबलेल्या असतात, डब्यांतले लोक घड्याळ बघत असतात. मार्ग मोकळा झाला की तीच गाडी बहुधा तोच मोटरमन पुढे नेतो. पाळी संपल्यावर कर्मचाऱ्यांच्या लॉबीत जाऊन कागद भरायचे. चूक त्याची नसते आणि कागदही तसेच म्हणतो. अपराधभाव मात्र कागद वाचून येत किंवा जात नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या चालकांवर नव्वदीच्या सुरुवातीला झालेल्या अभ्यासात असे दिसले की बहुतेक चालक सावरतात, पण एका छोट्या गटाला पीटीएसडी गाठतो. ब्रिटनमध्ये अशा घटनेनंतर चालकाला त्या पाळीतून मोकळे करण्याची पद्धत आहे. मुंबईत अडीच-तीन मिनिटांना एक गाडी सुटते आणि बदली माणूस जागच्या जागी मिळणे अवघड असते, हे खरेच. तरीही निदान पुढच्या टर्मिनसला त्याला उतरवून घेता येते. त्यात अशक्य काही नाही, वेळापत्रकात ते बसवायची इच्छा हवी. एकेका प्रसंगातून सावरलेल्या माणसाचाही धोका प्रसंगांच्या संख्येबरोबर वाढत जातो, आणि लोकल चालवणाऱ्याच्या नोकरीत असे प्रसंग अनेक येतात.

मोटरमनबद्दल कधीमधी वर्तमानपत्रांत लिहून येते. हमालाबद्दल येत नाही. रुळांमधून अवशेष गोळा करून चादरीत बांधणारा हमाल, त्याच्या शेजारी उभा राहून पंचनामा लिहिणारा शिपाई, शवागारातला कर्मचारी हे सगळे त्या चौथ्या वाटेवरचे लोक. त्यांच्यात सर्रास चालणारा उपाय दारूचा आहे. ती झोप आणते असे वाटते. प्रत्यक्षात झोपेचा दर्जा बिघडवते आणि उत्तररात्री त्याच दृश्यानिशी जाग आणते.

ते दृश्य जुने का होत नाही

साध्या आठवणीला तारीख चिकटलेली असते. गेल्या वर्षीचे भांडण आठवले तरी ते गेल्या वर्षीचे म्हणूनच आठवते. आघाताच्या आठवणीचे तसे नसते. मानसशास्त्रज्ञ अँके एलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांनी २००० साली मांडलेल्या प्रतिमानानुसार प्रसंगाच्या क्षणी मेंदू रंग, वास, आवाज असे सुटे तुकडे तीव्रतेने टिपतो, पण त्यांची आधी काय, नंतर काय अशी गोष्ट बनत नाही. तुकडा जागा झाला की घटना आता घडते आहे असे शरीराला वाटते. म्हणून डिझेलचा वास, ओल्या मातीचा वास, विशिष्ट रंगाचा सदरा एवढ्यानेही अंगावर काटा येतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसा मेंदू हळूहळू निरुपद्रवी गोष्टींनाही धोक्याच्या यादीत टाकत जातो.

दृश्य इतके लख्ख असते म्हणून ते अचूक असते असा समज आहे. तो खरा नाही. १९८६मध्ये चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान कोसळले त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतले. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा लिहायला लावले तेव्हा अनेकांच्या हकिगती बदललेल्या होत्या, खात्री मात्र ठाम होती. बघणाऱ्याला आपण वाचवू शकलो असतो असे 'आठवत' असेल, तर त्या आठवणीत नंतर कळलेली माहिती मिसळलेली असण्याची शक्यता बरीच असते. समुपदेशनात याचा उपयोग होतो.

दृश्य रुजण्याआधी त्याला अडवता येते का, यावर मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स यांचे प्रयोग आहेत. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात रस्ते अपघातानंतर तातडीच्या विभागात आलेल्या ७१ जणांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला अपघातानंतर सहा तासांच्या आत, प्रसंगाची ओझरती आठवण करून देऊन, टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा व्हिडिओ खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना नको असलेली दृश्ये कमी वेळा आली. दृश्ये साठवायला लागणारीच जागा खेळाने अडवून ठेवली, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. अभ्यास छोटा आहे आणि त्यावरून घरगुती नुस्खा काढणे घाईचे होईल. पण हात आणि डोळे गुंतवणारे काम त्या संध्याकाळी वाईट नसते, एवढे तरी यातून घेता येते.

'एकदाचं सगळं सांगून टाक'

आघातानंतर लगेच सगळे बोलून टाकावे, ते आत राहिले तर कुजते, ही कल्पना फार पसरलेली आहे. तिला शास्त्रीय रूपही मिळाले होते. जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवकांसाठी एक पद्धत मांडली: घटनेनंतर काही दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले ते क्रमाने बोलते करायचे. ती जगभर वापरली गेली. पुढे तिची नीट चाचणी झाली तेव्हा निकाल उलटे आले. भाजलेल्या रुग्णांवरच्या आणि रस्ते अपघातातल्या जखमींवरच्या चाचण्यांत असे एकाच बैठकीचे बोलणे झालेल्यांपैकी काहींची स्थिती न बोललेल्यांपेक्षा वाईट राहिली. अपघातग्रस्तांत तर तीन वर्षांनंतरही ती तशीच होती, विशेषतः ज्यांना सुरुवातीला जास्त त्रास होता त्यांच्यात. २००२च्या कॉक्रेन आढाव्याने ही पद्धत सक्तीने वापरणे थांबवावे असे सुचवले.

मराठी घरात हीच पद्धत कुणी न शिकवता चालते. घटना घडल्याचे कळताच आत्या येते, वरच्या मजल्यावरचे काका येतात, आणि प्रत्येकासाठी सुरुवातीपासून सांगावे लागते. तू कुठे उभा होतास? मग काय दिसलं? रक्त होतं का? दाराशी बूम माइक घेऊन वार्ताहर आला तर तोच प्रश्न आणखी एकदा. विचारणाऱ्यांच्या मनात आस्था असते, नाही असे नाही, पण तिच्यात कुतूहल मिसळलेले असते आणि सांगणाऱ्याला ते कळते. दुसरे टोक म्हणजे 'विसरून जा, मन घट्ट कर'. त्याने तो गप्प होतो, कारण विसरणे त्याच्या हातात नसते आणि आता ते कबूल करण्याचीही सोय उरत नाही. बोलायचे की नाही, कुणाशी आणि किती, हे त्याच्याकडे राहू देणे हाच यातला मार्ग आहे.

झोपेच्या गोळीचेही असेच. ओळखीच्या औषधवाल्याकडून आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी त्या रात्री झोप देते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या जातीची औषधे पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी किंवा झोपेसाठी देऊ नयेत. त्यांची सवय लागते आणि नैसर्गिक सावरण्यात त्यांचा अडथळा होण्याची शंका आहे.

मग करायचे काय

जागतिक आरोग्य संघटनेनेच २०११ साली इतर दोन संस्थांबरोबर मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. डॉक्टर असण्याची गरज नाही. फलाटावर त्याचा अर्थ असा होतो. थरथरणाऱ्या माणसाला त्या दृश्याकडे पाठ होईल असे बाकावर बसवायचे. पाणी द्यायचे. काय झालं असे न विचारता काय हवंय असे विचारायचे. घरी फोन लावून द्यायचा, कारण अशा वेळी स्वतःच्या मोबाइलचा पासवर्डही आठवत नाही. तो हरवल्यासारखा दिसत असेल तर पायांखालची फरशी जाणवते का, समोरच्या पाटीवर काय लिहिले आहे, असे साधे विचारून त्याला वर्तमानात आणायचे. 'सगळं ठीक होईल' असे आश्वासन द्यायचे नाही, कारण ते खोटेही ठरू शकते. एकट्याला लोकलमध्ये चढवून द्यायचे नाही.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे कामाला येतात त्या गोष्टी सांगायलाही साध्या वाटतात: ठरल्या वेळी जेवण, अंग थकेल इतके चालणे, दारू नाही, रात्री बातम्या नाहीत, झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणे, आणि जमेल तसे रोजच्या कामावर परतणे. सोबत कुणी तरी हवे, जे बोललेच पाहिजे असा आग्रह धरणार नाही.

लोकरीतीतले उपायही इथेच येतात. स्मशानातून आल्यावर अंघोळ, घाबरलेल्या पोराची मीठ-मोहरीने काढलेली दृष्ट, कपाळाला लावलेला अंगारा यांची टिंगल करणे सोपे आहे. बारकाईने पाहिले तर त्यांत काही शहाणपण सापडते. या माणसाला काहीतरी झाले आहे हे सगळ्यांसमक्ष मान्य होते, कुणी तरी मायेने त्याच्या अंगावरून हात फिरवते आणि 'आता उतरली' असे एक टोक येते. पंचनाम्याने जे दिले नाही ते आजी देते. अडचण पुढे येते. त्रास महिने टिकतो, घरचे या देवऋषाकडून त्या मांत्रिकाकडे फिरतात, 'भुतानं धरलंय' म्हणून मारहाण सुरू होते. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा ठरवला आहे.

सगळ्या गावाने पाहिलेले

एखाद्या घटनेत बघणारा आणि बाधित वेगळे काढताच येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. मृतांचे आकडे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिले जातात. घरांच्या जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. जे बाहेर होते त्यांनी हातांनी दगड उपसले, शेजाऱ्यांचे आवाज ऐकले आणि ते थांबतानाही ऐकले. नंतर पावसात सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. दहावा-तेरावा करायला कुणाच्या घरी जायचे, तर घरच नव्हते.

त्यानंतर लोक दगडी घरात झोपायला राजी नव्हते. पत्र्याच्या शेडमध्ये उकडले तरी चालेल, डोक्यावर दगड नको. याला विकार म्हणणे चुकीचे ठरले असते. भूकंपाचे धक्के चालू असताना ती भीती रास्त होती. मालिणमध्येही तसेच. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर डोंगर आला आणि १५१ जण गेले. सकाळच्या एसटीच्या चालकाला रस्त्याच्या कडेला गाव दिसेना, त्याच्याकडून पहिली खबर गेली. डोंगरउतारावर राहणाऱ्याला पुढच्या आषाढात पावसाच्या आवाजाने झोप लागली नाही तर त्याच्यावर औषधोपचार करण्याआधी त्याच्या घराच्या जागेचा विचार करावा लागतो. स्टीव्हन हॉबफॉल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली सामूहिक आपत्तीनंतरच्या मदतीची पाच सूत्रे मांडली, त्यांत सुरक्षितता पहिली आहे. त्यामागून शांतवणे, स्वतःच्या आणि गावाच्या बळावर काही करता येते ही जाणीव, माणसांशी जोडलेपण आणि आशा ही येतात.

भारतात आपत्तीनंतर मनाकडे पद्धतशीर लक्ष १९८४च्या भोपाळ वायुकांडापासून दिले जाऊ लागले. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने ओडिशाचे १९९९चे चक्रीवादळ, २००१चा गुजरातचा भूकंप आणि २००४ची त्सुनामी यांत जी पद्धत घडवली, तिच्यात गावातल्याच तरुण-तरुणींना, अंगणवाडी सेविकांना, शिक्षकांना थोडे शिकवून घरोघर पाठवले जाते. कुठे मदतीचा अर्ज भरून द्यायचा, कुठे वृद्धेला दवाखान्यात न्यायचे, आणि ते करता करता ऐकायचे. केवळ 'समुपदेशन' अशी पाटी लावून तंबूत बसणाऱ्या तज्ज्ञाकडे कुणी फिरकत नाही. अर्ज भरून देणाऱ्यापाशी लोक बोलतात.

खिशातली दुर्घटना

२६ नोव्हेंबर २००८चा मुंबईवरचा हल्ला सुमारे ६० तास चालला आणि टीव्हीने तो घराघरांत पोहोचवला. आता तेच काम मोबाइल करतो, संपादकाविना आणि काटछाटीविना. २०१३च्या बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पुढच्या आठवड्यात रोज सहा तासांहून अधिक काळ त्या बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र ताणाची लक्षणे स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. निदानाच्या व्याख्येत पडद्यावरचे पाहणे बसत नाही, पण त्रास व्याख्या विचारून होत नाही. अपघाताची चित्रफीत कुटुंबाच्या गटावर 'बघा काय भयंकर' म्हणून टाकणारा माणूस नवे बघणारे तयार करत असतो. जो खरोखर तिथे होता त्याला तर ती दुसऱ्या कोनातून पुन्हा दाखवत असतो.

मुलांच्या बाबतीत मोठ्यांना वेगळीच लक्षणे दिसतात. सहा-सात वर्षांचे मूल भीती सांगत नाही. ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईला सोडत नाही, किंवा खेळात तीच गाडी तशीच पुन्हापुन्हा आदळवते. त्याने विचारलेल्या प्रश्नाला खरे आणि थोडक्यात उत्तर द्यावे आणि शाळा लवकर सुरू करावी. मोठ्यांचा चेहरा बघून मूल धोका मोजते, त्यामुळे आईबापांची झोप सुधारली की पुष्कळदा मुलाचीही सुधारते.

महिना उलटल्यावर

पहिला महिना धीर धरण्याचा असेल तर त्यानंतर धीर धरणे हीच चूक होते. दृश्ये आणि वाईट स्वप्ने चालूच आहेत, ती जागा, तो रस्ता, तो विषय टाळण्यात दिवस चालला आहे, माणसांतून मन उडाले आहे, किरकोळ आवाजाने दचकणे आणि चिडणे थांबत नाही, कामात लक्ष लागत नाही, असे महिन्यानंतरही असेल तर तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ झाली. जीव द्यावासा वाटत असेल तर महिन्याची वाट पाहायची नाही.

उपचार कसे असतात याची कल्पना नसल्याने लोक बिचकतात. सर्वांत भक्कम पुरावा ज्यांच्या मागे आहे ते उपचार बोलण्याचे आहेत, आणि ते पहिल्या दिवसांतल्या बोलण्याहून वेगळे असतात. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत माणूस सुरक्षित खोलीत, शिकलेल्या उपचारकासमोर, ती घटना वर्तमानकाळात क्रमाने सांगतो. तेच कथन ध्वनिमुद्रित करून घरी ऐकतो. टाळलेल्या जागांची उतरंड करून सोप्यापासून अवघड जागेपर्यंत एकेक पायरी चढतो: आधी स्थानकाबाहेरचा चहावाला, मग पूल, मग फलाट. बैठका साधारण आठ ते पंधरा होतात. सुटे तुकडे हळूहळू एका गोष्टीत बसतात आणि ती गोष्ट भूतकाळात जाते. एलर्स-क्लार्क पद्धतीत 'मी वाचवू शकलो असतो' यासारख्या समजुती उलगडून तपासल्या जातात, कधी प्रत्यक्ष जागेवर जाऊन अंतर मोजूनसुद्धा. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७च्या सुमारास सुरू केलेल्या ईएमडीआर पद्धतीत आठवण मनात धरून उपचारकाच्या हलत्या बोटाकडे डोळे फिरवायचे असतात. ऐकायला ती विचित्र वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आहे. ती नेमकी का चालते यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. सर्ट्रालिनसारखी औषधेही दिली जातात, विशेषतः सोबत नैराश्य असेल तर.

हे सगळे मिळते कुठे, हा प्रश्न उरतोच. देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि आघातावरच्या उपचारांत तयार झालेले त्याहून कमी. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, पण पुण्याच्या रुग्णालयाला चिकटलेल्या 'येरवडा' या नावाच्या धाकानेच कित्येक जण जात नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग चालतो, तिथून सुरुवात करता येते. ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतून उपलब्ध आहे आणि मोफत आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण देण्याचे बंधन घातले आहे.

साक्ष

बघणाऱ्याला पाहिलेले पुन्हा जगावे लागते ते न्यायालयात. पोलिसांत जबाब होतो, वर्षे जातात, माणूस सावरतो आणि मग समन्स येते. २६/११च्या रात्री सीएसटीवर दहशतवादी कसाबचे छायाचित्र टिपणारे सेबॅस्टियन डिसूझा यांच्यापासून साध्या प्रवाशांपर्यंत अनेकांनी विशेष न्यायालयात साक्ष दिली. तो खटला लवकर चालला आणि मे २०१०मध्ये निकाल लागला. सामान्य अपघाताच्या किंवा खुनाच्या खटल्यात असा वेग क्वचित दिसतो. समन्स हातात पडले की झोप पुन्हा उडणे हे स्वाभाविक आहे आणि त्यावरून उपचार फसले असे समजायचे कारण नाही. उलट्या धर्तीचीही एक भीती असते, उपचार घेतले तर आठवण पुसली जाईल आणि साक्ष कच्ची पडेल. या उपचारांत घटनेची माहिती पुसली जात नाही, तिच्यामुळे उडणारा भीतीचा भडका कमी होतो.

जबाब आणि समन्सच्या या कटकटीच्या धास्तीनेच लोक अपघातस्थळी थांबत नाहीत. रस्ते अपघातापुरता त्यावर तोडगा निघाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या, आणि २०१९च्या मोटर वाहन सुधारणा कायद्यात १३४ अ हे कलम आले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे तो ठरवतो.

धमकीची भीती असलेल्यांसाठी साक्षीदार संरक्षण योजना डिसेंबर २०१८पासून देशभर लागू आहे. मनाने खचलेल्यांसाठीची सोय त्यानंतर आली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळे साक्ष केंद्र उभारण्याचे आदेश दिले आणि या व्याख्येत मुलांबरोबरच मानसिक आजार असलेल्या साक्षीदारांनाही घेतले. तिथे आरोपी समोर दिसत नाही, वाट पाहायला वेगळी खोली असते, सोबत आधाराचे माणूस ठेवता येते. उपचार चालू असलेल्या साक्षीदाराने तारखेआधी सरकारी वकिलांना तसे सांगून डॉक्टरांचा कागद दिला, तर या केंद्रात साक्ष नोंदवण्याची विनंती न्यायालयाकडे करता येते.